कवडीचं कोपर

माझ्या टेबलाच्या खणात पारदर्शक प्लास्टिकचे १९ तुकडे आहेत. प्रत्येकावर काळ्या पेनाने काढलेला एक वेडावाकडा आकार आणि खाली तारीख. दर चार दिवसांनी माझ्या शेळीच्या, कवडीच्या, जखमेवर प्लास्टिकचे दोन स्वच्छ थर अलगद धरायचे, दिसेल ती कड वरच्या थरावर गिरवायची, जखमेला टेकलेला खालचा थर टाकून द्यायचा आणि वरचा जपून ठेवायचा. हे काम मी जवळजवळ अडीच महिने केलं.

त्याआधीच्या नऊ आठवड्यांचा एकही तुकडा माझ्याजवळ नाही. त्या नऊ आठवड्यांत मी रोज जखमेकडे बघून "आज जरा बरी दिसतेय" असं म्हणत होते. रोजचं बघणं फसवं असतं. काल काय होतं हे डोळ्यांना नीट आठवत नाही आणि मनाला तर बरंच दिसायला हवं असतं.

कवडी म्हणजे माझी सगळ्यात जुनी शेळी. काळ्या कानांवर पांढरे ठिपके आहेत, म्हणून कवडी. तारेच्या कुंपणातून पलीकडे जाताना तिच्या डाव्या पुढच्या पायाच्या कोपरावर, बाहेरच्या अंगाला, चामडी सोलली गेली. रक्त फार आलं नाही, लंगडलीही नाही. मी जखम धुतली, धनुर्वाताची लस आधी दिलेली होती म्हणून निश्चिंत झाले. (शेळ्यांना धनुर्वात सहज होतो. त्याचे जंतू मातीतच असतात, त्यामुळे लस दिल्याची तारीख लिहून ठेवलेली नसेल तर अशा वेळी अंदाजावर राहू नये.) आठवड्याभरात खपली धरली. मग खपलीला भेग पडली, खालून पाणी झिरपलं, पुन्हा खपली, पुन्हा भेग. पाचव्या आठवड्यात जखम पहिल्या दिवसापेक्षा मोठी होती.

आणि मी लावत होते. हायड्रोजन पेरॉक्साइड, मग जांभळं औषध, मग पावडर, मग एक मलम, आठवड्याने दुसरं मलम. पेरॉक्साइड तर रोज. ते ओतलं की जखमेत पांढरा फेस उसळायचा आणि मला वाटायचं, घाण निघतेय. हा फेस कशाचा असतो ते मला फार उशिरा कळलं. जिवंत पेशींमध्ये आणि रक्तात कॅटलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, तोच ऑक्सिजन बुडबुड्यांनी वर येतो. म्हणजे जखम कितीही स्वच्छ असली तरी फेस येणारच. आणि नव्याने मांस भरण्यासाठी ज्या पेशी त्या खड्ड्यात उतरलेल्या असतात, त्यांनाही ते औषध मारतं. पहिल्या दिवशी मातीने भरलेल्या जखमेवर एकदा वापरणं वेगळं. पाच आठवडे रोज वापरणं म्हणजे रात्री उगवलेलं सकाळी खुरपून टाकणं. मी तेच करत होते, आणि मायेने करत होते, हे मला अजून टोचतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांनी आयुष्यभर शेळ्या राखल्या. मी जखमेचं सगळं वर्णन केलं, रंग, वास, पाणी किती येतं ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, आधी जनावर बघ. जखम नंतर बघ." मला त्या वेळी राग आला होता. मी रोज दोनदा तिच्यापाशी गुडघे टेकून बसत होते आणि हे म्हणतात जनावर बघ.

नवव्या आठवड्यात डॉक्टर आले. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, काहीतरी जालीम लावायला द्या." त्यांनी पिशवी उघडलीच नाही. गोठ्याच्या दारात उभे राहून ते बराच वेळ कवडीकडे नुसते बघत राहिले. मग विचारलं, "ताई, ही बसते कुठल्या अंगावर?"

मला सांगता आलं नाही. सात वर्षं ही शेळी माझ्याकडे आहे.

त्यानंतर तासभर त्यांनी जे केलं त्याची मला मनापासून नोंद ठेवायची आहे, कारण त्यातला बराचसा भाग जखमेपासून लांब होता. आधी ताप घेतला. शेळीचं अंग साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं, हिचं त्यातच होतं. मग खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघितला आणि मलाही बघायला लावला. निरोगी शेळीचा तिथला रंग लालबुंद असतो. कवडीचा फिकट गुलाबी, पांढऱ्याकडे झुकणारा. या रंगावरून जंतांमुळे रक्त किती कमी झालंय ते ठरवायचा पाच रंगांचा एक तक्ता असतो, तो दक्षिण आफ्रिकेत तयार झाला आणि आता जगभर शेळ्यामेंढ्यांसाठी वापरतात. पोटातला एक जंत, हिमॉंकस त्याचं नाव, जठराच्या आतल्या अस्तराला चिकटून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर. ऐकायला काहीच नाही. पण असे हजार असले तर दिवसाला ५० मिलिलिटर, आणि हजार असणं ही दुर्मिळ गोष्ट नाही. त्यातून तिच्या अंगाखाली दोन करडं होती. व्यायल्यानंतर शेळीची जंतांना आवर घालायची ताकद कमी होते आणि अंगातली प्रथिनं दुधावाटे जात राहतात. डॉक्टर म्हणाले, "रक्त जंत पितात, दूध करडं पितात. कोपरापर्यंत पोचायला उरलंय काय?"

मला अण्णांचं वाक्य तेव्हा कळलं.

मग त्यांनी जबडा, कानाखाली, खांद्यासमोर हात फिरवून गाठी चाचपल्या. शेळ्यांत गाठींचा एक चिवट संसर्गजन्य आजार असतो, त्यातली गाठ फुटली की आतला घट्ट पू साऱ्या कळपाला तो रोग देतो. म्हणून अशा जागची गाठ आपण दाबून फोडायची नाही, जनावर वेगळं बांधून डॉक्टरांना दाखवायचं. हिला तसं काही नव्हतं. खरूज, उवा, गोचीड बघितले. तोंडाच्या कडेला फोड आहेत का बघितलं, तेही हातमोजे घालून, कारण शेळ्यांच्या तोंडावरचा विषाणूचा फोडांचा रोग माणसाच्या हातालाही होतो. खाण्यात काय काय असतं ते विचारलं. जस्त कमी पडलं तर कातडी जाड होते, तिला कोंडा सुटतो आणि जखमा रेंगाळतात. लसूणघासासारख्या, कॅल्शियम भरपूर असलेल्या चाऱ्याचा अतिरेक झाला की जस्त अंगी लागत नाही. इथे तेही दिसत नव्हतं.

इतकं झाल्यावर मग जखम.

भरायला तयार असलेल्या जखमेचा तळ ओलसर, तांबडा आणि बारीक दाण्यादाण्यांचा असतो. जुन्या वैद्यांनी त्याला मांसांकुर म्हटलंय, आणि मला याहून नेमका शब्द माहीत नाही. त्या अंकुरांत नव्या रक्तवाहिन्यांची टोकं असतात, मज्जातंतू जवळजवळ नसतात, म्हणून चुकून बोट लागलं तर रक्त चटकन येतं पण जनावर दचकत नाही. कवडीच्या जखमेचा तळ मळकट, पिवळसर, बुळबुळीत होता. कड टणक, आत वळलेली. डॉक्टरांनी सांगितलं, हा बुळबुळीत थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेलं आवरण. वरून औषध टाकलं तर ते याच्यावरून वाहून जातं. तो पुसून, खरवडूनच काढावा लागतो.

भूल देताना त्यांनी औषधाचा प्रत्येक थेंब मोजला. सुन्न करायचं नेहमीचं औषध शेळीला जास्त झालं तर झटके येऊ शकतात, त्यामुळे आधी वजन, मग हिशोब, मग सुई. निर्जंतुक सळईने त्यांनी जखमेचा तळ सगळीकडे चाचपला, कारण भरते आणि फुटते, भरते आणि फुटते अशा जखमेत पुष्कळदा काहीतरी रुतलेलं असतं: काटा, कुसळ, लाकडाची कपची, हाडाचा मेलेला तुकडा. मला मनातून वाटत होतं, निघू दे एखादा काटा. दोष एका काट्यावर जाईल आणि सगळं संपेल. काही निघालं नाही.

टणक कडेचा एक बारीक तुकडा कापून त्यांनी बाटलीत घातला. "दोन महिन्यांत न भरलेली जखम असली की मी कड तपासल्याशिवाय सोडत नाही," एवढंच म्हणाले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही, पण मला कळलं. शेळ्यांनाही कातडीचा कर्करोग होतो, विशेषतः जिथे केस विरळ आणि कातडी फिकट असते तिथे, आणि सुरुवातीला तो न भरणाऱ्या साध्या जखमेसारखाच दिसतो. अहवाल यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत कवडी नेहमीसारखी रवंथ करत होती आणि मी तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. शेळी दुखणं लपवते. शिकार होणाऱ्या प्राण्याला दुबळं दिसणं परवडत नाही. दात करकरणं, एकटं उभं राहणं, रवंथ थांबणं, एवढ्याच तिच्या तक्रारी. अहवालात कर्करोग नव्हता. जुनाट दाह, एवढंच. मी तो कागद घेऊन गोठ्यात गेले आणि तिच्या मानेला मिठी मारून रडले. तिने कागदाचा कोपरा खाल्ला.

आता उपचार सांगते, कारण तो मी स्वतः केला आणि तो साधा आहे. धुण्यासाठी मिठाचं पाणी: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, वजन करून. हे प्रमाण अंगातल्या द्रवांशी जुळतं, म्हणून पेशी फुटत नाहीत की आकसत नाहीत. ते मोठ्या सिरिंजमधून जरा जोराने मारायचं, नुसतं ओतायचं नाही. मग ओल्या गॉजने तळ हलक्या हाताने पुसायचा. पहिले काही दिवस आयोडीनचं औषध, पण बाटलीतलं गडद नाही, ते फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ केलेलं. जखमेभोवतीचे केस कापायच्या आधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेल भरायची, म्हणजे कापलेले केस तळाला चिकटत नाहीत, जेलबरोबर धुऊन जातात. ही एवढीशी युक्ती मला आधी माहीत असती तर कितीतरी केस मी त्या जखमेत घातले नसते.

आणि सगळ्यात अवघड: जखम ओलसर ठेवायची. मी तोवर उलट मानत आले होते, की वारा लागू द्यावा, वाळू द्यावं, खपली धरली की झालं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर सारख्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याखाली झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण ऐकल्यावर ते किती उघड होतं असं वाटतं. नवी त्वचा कडेकडून आत येते, पेशी अक्षरशः सरकत येतात, आणि त्यांना सरकायला ओली जिवंत जमीन लागते. वर कोरडी खपली असली तर त्यांना तिच्याखालून वाट खणत जावं लागतं. अर्थात ओलसर म्हणजे चिखल नव्हे. भोवतालची कातडी भिजून पांढरी, लिबलिबीत झाली तर पट्टी लवकर बदलायची.

पण कोपरावर पट्टी टिकवायची कशी? गुंडाळलेली घसरते. आणि शेजारची शेळी सुटलेलं टोक चघळायला लागते, ते पोटात गेलं तर वेगळंच संकट. डॉक्टरांनी जखमेच्या भोवती, चांगल्या कातडीत, टाक्यांचे सैल फास घालून ठेवले. आठ फास. गॉज ठेवायचं आणि वरून नाडी त्या फासांतून बुटाच्या लेससारखी आडवीतिडवी ओवायची. पट्टी बदलायला नाडी सोडायची, परत ओवायची. मला हे बघून इतका आनंद झाला की मी त्याचं चित्र काढून ठेवलं.

मध्येच काही दिवस त्यांनी मधाची पट्टी लावायला सांगितली. मधात पाणी अठरा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे तो जखमेतलं पाणी ओढून घेतो, आम्ल असतो, जंतूंना त्यात जगणं कठीण जातं. फक्त तो जखमांसाठी निर्जंतुक केलेला हवा, कारण साध्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. प्रतिजैविकाचं इंजेक्शन त्यांनी दिलं नाही. "जखमेत जंतू असणारच, ते आत शिरलेत का ते महत्त्वाचं," म्हणाले. ताप नाही, सूज पसरलेली नाही, मग कशाला? दिलं असतं तर ठरलेल्या मुदतीपर्यंत दूधही बाजूला काढावं लागलं असतं. माश्यांसाठी सकाळ-संध्याकाळ पट्टीच्या कडा तपासायच्या, यावर मात्र ते फार कडक होते. माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघू शकतात, त्यामुळे "उद्या बघू" याला इथे जागा नाही. जंतांचं औषध लेंड्या तपासून, वजन करून दिलं आणि दोन आठवड्यांनी परत लेंड्या तपासल्या. करडं मोठी झालीच होती, त्यांचं दूध हळूहळू तोडलं.

राहिला तो पहिला प्रश्न. कुठल्या अंगावर बसते.

एका संध्याकाळी मी गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून राहिले. शेळी बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचं अंग खाली आणते, मग कुशीला जरा कलते. उठताना आधी मागचं अंग उचलतं, क्षणभर गुडघ्यांवर राहते, मग उभी. कवडीची जागा ठरलेली होती, भिंतीला पाठ आणि गव्हाणीकडे तोंड. त्या जागी असं बसायचं तर डावं अंगच खाली येणार. आणि दर वेळी, अंग खाली टाकताना, डावं कोपर जमिनीवर आदळायचं. दणकून नाही, नुसतं टेकायचं आणि घासायचं. अंधार पडेपर्यंत मी सहा वेळा बघितलं. दिवसरात्र मिळून किती होत असतील! खपलीला भेग पडायची ती इथे. मी सकाळी जे लावत होते ते ती दिवसभर जमिनीवर पुसत होती, आणि तिच्याकडे दुसरा इलाजच नव्हता.

आम्ही खाली रबरी चटई घातली, वर वीतभर कोरडं गवत, रोज ओलं काढून नवं. तिची जागा बदलून समोरच्या भिंतीला नेली, म्हणजे तशीच बसली तरी उजवं अंग खाली येईल. तीन दिवस ती तिथे बसायलाच तयार नव्हती. उभी राहून माझ्याकडे बघत राहायची. चौथ्या दिवशी बसली.

प्लास्टिकचे पहिले तीन आकार जवळजवळ सारखे आहेत. चौथा तर पहिल्याहून मोठा, कारण मधल्या काळात मेलेली कड काढलेली होती. तो गिरवताना माझा हात थरथरत होता. पाचव्यापासून आकार लहान होत जातात, आणि गंमत म्हणजे सगळीकडून सारखे नाहीत. वरच्या बाजूने, जिथे कातडी सैल आहे, तिथून जखम भराभर मिटत आली. कारण सुरुवातीला जखम मिटते ती बरीचशी आकसून, आजूबाजूची कातडी ओढून घेऊन. खालच्या, सांध्याकडच्या बाजूला ओढायला सैल कातडीच नव्हती. तिथे नवी त्वचा तसू तसू आत यायची. काठावर एक मोत्यासारखी फिकी, चमकदार रेघ दिसायची, तीच ती. एक दिवस डॉक्टर ती रेघ बघून म्हणाले, "आता हात लावू नका फार. चार-चार दिवस पट्टी सोडू नका." मला न सोडता राहणं पट्टी बांधण्यापेक्षा जड गेलं.

सुश्रुताने व्रणाच्या, म्हणजे जखमेच्या, उपचाराचे ६० उपक्रम सांगितलेत, आणि दुष्टव्रण, शुद्धव्रण, रुह्यमान व्रण असे त्याचे टप्पे वेगळे ओळखायला शिकवलंय. रुह्यमान म्हणजे रुजत, भरत असलेला. त्या काळात मी हा शब्द मनात घोळवत असे. आणि आपल्या मराठीने याच व्रणाचा वण केला. संस्कृतात जी जखम होती, ती आपल्याकडे येईपर्यंत भरून आली आणि तिची नुसती खूण उरली.

कवडीचा वण लांबट आहे. मध्ये बोटभर जागी केस आलेच नाहीत, कडेला आले ते पांढरे. ही जागा कायम जरा कमजोर राहणार. भरलेली कातडी फार तर मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत मजबूत होते, तेही महिनोन्महिन्यांनी. म्हणून रबरी चटई तशीच ठेवलीय आणि कुंपणाची ती तार काढून टाकलीय. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या पापण्या बघते, आधी पापण्या, मग बाकी काय ते. अण्णांना हे फोनवर सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि कवडीच्या करडांचं विचारलं.

परवा रात्री दिवा घेऊन गोठ्यात गेले. समोरच्या भिंतीपाशी तिची नवी जागा रिकामी होती. ती जुन्या जागी होती, भिंतीला पाठ लावून, गव्हाणीकडे तोंड करून, डाव्या अंगावर. कोपर गवतात रुतलेलं. डोळे अर्धे मिटलेले आणि जबडा सावकाश फिरत होता. मी दिवा खाली घेतला आणि दारातूनच परत फिरले.